काँक्रीट काळं आणि माती हिरवी? सांगली-साताऱ्यातल्या घराचा कार्बन हिशेब

मिरजकर_स्थापत्य

"सिमेंट टाळा, लाल वीट आणि माती वापरा, पर्यावरण वाचवा" अशा पोस्टी सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतायत. त्यातलं गणित बहुतेक वेळा किलोला किलो लावून केलेलं असतं. सिमेंटच्या किलोमागे 0.87 किलो कार्बन डायऑक्साइड, विटेच्या किलोमागे पाव किलो, म्हणून वीट चांगली. पण भिंत कोणी किलोवर बांधत नाही. तुलना करायची तर एक चौरस मीटर भिंत धरून करा.

गृहीतकं आधी सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. सिमेंटच्या किलोमागे ओपीसी (साधं सिमेंट) 0.87, पीपीसी (औष्णिक केंद्राची राख मिसळलेलं) 0.62 किलो कार्बन, भट्टीत दगडी कोळसा (उष्णतेच्या मेगाज्यूलला 0.095 किलो). गिलावा सगळीकडे सारखा धरून सोडून दिलाय.

नऊ इंची लाल विटेची भिंत: चौरस मीटरला 115 विटा, 3 किलोची एक, म्हणजे 345 किलो. आपल्याकडच्या उघड्या भट्टीला किलोमागे 2 ते 3 मेगाज्यूल उष्णता लागते. मधला आकडा धरला तर 82 किलो. 1:6 मसाल्यात (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) 15 किलो पीपीसी, त्याचे आणखी 9. एकूण नव्वदच्या वर.

सहा इंची भरीव काँक्रीट ब्लॉक: 300 किलो माल, त्यात 8 ते 10 टक्के ओपीसी. मसाला आणि क्रशरची वीज धरून 25 ते 30 किलो.

सिमेंट घालून दाबलेला मातीचा ब्लॉक, 230 मिमी: 435 किलो माल, 7 टक्के सिमेंट म्हणजे 30 किलो. हिशेब पुन्हा 25 ते 30 वरच येतो. 'मातीचं घर' म्हणून विकतात, पण त्यात सिमेंट काँक्रीट ब्लॉकइतकंच आहे.

एएसी (लोक सिपोरेक्स म्हणतात ते हलके, सच्छिद्र ब्लॉक), आठ इंची: 40 ते 60.

आता वर बघा. पाच इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरला 42 किलो सिमेंट आणि 10 किलो सळई. ओपीसी आणि धातुकापासून बनलेलं लोखंड (किलोला 2.3) धरलं तर 60 किलो. बीम, कॉलम, पाया वेगळे. भिंत कशाची यावर वाद घालण्याआधी घनमीटरला सिमेंट किती जातंय ते मोजा. 1:1.5:3 च्या ठरावीक प्रमाणात (सिमेंट, वाळू, खडी) एम-20 ताकदीच्या काँक्रीटला घनमीटरला 8 पोती जातात. मिक्स डिझाइन (चाचणी करून ठरवलेलं प्रमाण) करून घेतलं की तेच काम साडेसहा पोत्यांच्या आत होतं.

माणदेशी

तुमची 'मातीची भिंत' बंगळुरी पद्धतीची, सिमेंट घातलेल्या ब्लॉकची आहे. आटपाडी, जत, माण, खटावात मातीचं घर म्हणजे माळवद: दगड-मातीची जाड भिंत, लाकडी तुळया, त्यावर कडीपाट, वर पाला-फांद्यांचा थर आणि पांढरी माती. सिमेंट शून्य, लोखंड खिळ्यांपुरतं. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हे छप्पर पिढ्यानपिढ्या टिकलंय. ते तुमच्या यादीत का नाही?

दुसरं, तुम्ही फक्त बांधेपर्यंतचा कार्बन मोजलाय. सहा इंची भरीव ब्लॉकच्या भिंतीचा यू (भिंतीतून उष्णता किती शिरते त्याचं माप) साधारण 3.2, नऊ इंची विटेचा 2, आठ इंची एएसीचा 0.75. पश्चिमेची 10 चौरस मीटर भिंत घ्या. उन्हाळ्याचे 90 दिवस, रोज सहा तास, आत-बाहेर सरासरी 10 अंशांचा फरक. ब्लॉकमधून विटेपेक्षा 65 युनिट जास्त उष्णता आत येते. एसीने ती बाहेर काढायला 22 युनिट वीज, युनिटला 0.72 किलोने 15 किलो कार्बन, म्हणजे चौरस मीटरला वर्षाला दीड. चाळीस वर्षांत 60. तुम्ही वाचवलेले साठ किलो तिथेच गेले की.

कृष्णाकाठ

माणदेशींचा मुद्दा जतला लागू, सांगलीत नाही. 2019 साली आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. शामरावनगरसारख्या भागात पाणी दिवसेंदिवस घरात उभं होतं. सिमेंट न घातलेली मातीची भिंत अशा पाण्यात उतरते. सिमेंट घातलेल्या ब्लॉकचीसुद्धा ओली ताकद कोरड्याच्या निम्म्यावर येऊ शकते, त्यामुळे चाचणी ओल्या ब्लॉकचीच मागायची.

शिवाय माती कुठली? आपली काळी कापसाची माती फुगते आणि आकसते, सिमेंटने ती आवरत नाही. दाबलेल्या ब्लॉकला वाळूचा अंश जास्त आणि चिकण कमी असलेली माती लागते. म्हणजे मुरूम आणा, क्रशरची भुकटी मिसळा, चाळा. तोवर 'जागेवरची माती' फक्त माहितीपत्रकात उरते.

आणि माळवदाचं कौतुक करताना किल्लारी विसरू नका. 30 सप्टेंबर 1993 ला माणसं मेली ती बहुतांशी जाड दगड-मातीच्या भिंती आणि वरचा मातीचा बोजा अंगावर पडून. इकडे पाटण-कोयना 2016 च्या भूकंप नकाशात झोन चारमध्ये आहे आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप झालेला आहे. पडलेलं घर पुन्हा बांधायचा कार्बन कोणाच्या खात्यात घालणार?

वीटपक्ष

सगळे लाल विटेवर तुटून पडलेत म्हणून लिहितो. कराड-सांगलीच्या नदीकाठच्या भट्ट्यांत फक्त कोळसा जळत नाही. बगॅस, भाताचा तूस आणि साखर कारखान्याची राख कच्च्या विटेतही कालवतात आणि थरातही घालतात. उसातला कार्बन हवेतूनच आलेला, तो मोजायचा नसतो. निम्मी उष्णता बगॅसची धरा, तुमचे 82 सरळ 41 होतात. झिगझॅग भट्टीला (गरम हवा नागमोडी फिरवून इंधन वाचवणारी) किलोमागे 1.1 ते 1.2 मेगाज्यूल पुरतात, तिथे कोळशावरसुद्धा चाळिशीच्या आत बसतं. दोष भट्टीचा आहे, तुम्ही तो विटेवर टाकताय.

आकडेमोड

वीटपक्ष, "निम्मी धरा" म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. मोजणं अवघडही नाही. एक लाख विटा म्हणजे 300 टन. भट्टी लावताना कोळसा किती टन उतरला ते वजनकाट्याच्या पावतीवर असतं. किलोला 20 मेगाज्यूलचा कोळसा 30 टन लागला तर 600 गिगाज्यूल, भागिले 300 टन, म्हणजे किलोमागे 2 मेगाज्यूल. मात्र भागाकार भरलेल्या विटांनी करायचा नाही, विकल्या गेलेल्या विटांनी करायचा. कडेच्या कच्च्या आणि मधल्या जळून वाकलेल्या विटांनाही तेवढंच इंधन लागलेलं असतं.

बगॅसचं शून्यही मला सरसकट मान्य नाही. कारखाना तोच बगॅस बॉयलरला घालून ग्रिडला वीज देतो. भट्टीने तो उचलला की तेवढी वीज दुसरीकडे कोळशावर बनते. शिल्लक राहून सडणारा बगॅस असेल तर गोष्ट वेगळी, पण सहवीजनिर्मितीचे प्रकल्प आल्यावर असा किती उरतो? शिवाय हजार विटांना जवळजवळ ब्रासभर (100 घनफूट) पोयटा जातो. हा थर कार्बनच्या रकान्यात दिसतच नाही. आयएसओ 14040 आणि 14044 च्या (वस्तूच्या आयुष्यभराचा पर्यावरण हिशेब मांडायच्या) पद्धतीत म्हणूनच जमीन, पाणी, हवेतले कण असे वेगळे रकाने ठेवतात. एकच आकडा मागणाऱ्याला ते अडचणीचे वाटतात.

मिरजकर, आता तुमच्याकडे वळतो. पीपीसीला 0.62 दिलेत त्यात राख फुकट धरलीय. राख टाकाऊ असती तर ठीक होतं. सरकारी आकडेवारीत तिचा वापर आधीच 90 टक्क्यांच्या वर दाखवतात. तुम्ही घेतली नाही तर दुसरा कोणी घेणारच. मग तुमच्या पोत्यामुळे देशाचा कार्बन खरंच किती कमी झाला?

वाहतुकीची भीती मात्र अनाठायी आहे. सोलापूरहून सांगली 200 किमी, 25 टनांचा ट्रक, भरलेला लिटरला साडेतीन किमी, रिकामा साडेपाच. येऊन-जाऊन 93 लिटर डिझेल, 250 किलो कार्बन, टनाला 10 किलो. सिमेंटच्या टनामागच्या 620 पुढे हे काहीच नाही. खडीचं उलट आहे. फोडायलाच टनाला पाचेक किलो लागतात, तिथे खाण 100 किमी लांब गेली की आकडा दुप्पट होतो. खडी जवळची घ्या, सिमेंटच्या अंतराची चिंता सोडा.

मिरजकर_स्थापत्य

राखेचा वाद बरोबर आहे, पण त्याने निवड बदलत नाही. क्लिंकरचा (दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांचा) कार्बन दोन ठिकाणांहून येतो. इंधन बदलता येतं, चुनखडी बदलता येत नाही. 1450 अंशांच्या भट्टीत चुनखडीतूनच टन क्लिंकरमागे अर्ध्या टनाच्या वर वायू सुटतो, मग खाली सौर उष्णता लावा नाहीतर काहीही. म्हणून पोत्यात क्लिंकर कमी असणं हाच उपाय. भारतीय मानक (आयएस) 1489 पीपीसीत 15 ते 35 टक्के राख चालवते, आयएस 455 स्लॅग सिमेंटमध्ये 25 ते 70 टक्के स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी). घनमीटरला 340 किलो सिमेंट असेल तर ओपीसीऐवजी पीपीसी घेऊन 85 किलो वाचतात.

माणदेशी, तुमचं गणित एसी लावला तरच लागू होतं. पंख्यावर राहणाऱ्या घरात ते साठ किलो येत नाहीत, उकाडा येतो, आणि तो कमी महत्त्वाचा आहे असं मी म्हणत नाही. पश्चिमेच्या भिंतीला पांढरा रंग आणि दोन फुटी छज्जा द्या. संपूर्ण घराला एएसी लावण्याआधी एवढं तरी करा.

कराड_साइट

कागदावर सगळे बरोबर आहात. साइटवर काय होतं ते लिहितो.

पीपीसी आणलं की मिस्त्री म्हणतो "याला जोर नाही", आणि मालाला एक पोतं जादा टाकतो. 85 मधले 30-35 तिथेच गेले. आपल्याकडे अजून घमेल्याने माप चालतं. 50 किलोचं पोतं 35 लिटरचं, त्याला सव्वा घनफुटी फरमा हवा, तो साइटवर शोधूनही सापडत नाही. ओली वाळू 20 ते 30 टक्के फुगते. ती कोरडी समजून मोजली की वाळू कमी पडते, माल खरखरीत होतो, मग पाणी ओततात.

क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) वेगळीच तऱ्हा. आयएस 383 मध्ये 75 मायक्रॉनखालची भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते. न धुतलेल्या मालात ती त्याहून जास्त असली की पाणी जास्त मागते, आणि तीच ताकद राखायला सिमेंट वाढतं. मुठीत दाबून सोडल्यावर तळहाताला राखाडी लेप राहिला तर तो ट्रक उतरवून घेण्याआधी चाळणी चाचणी करा.

आता आयुष्य. पीपीसीला आयएस 456 प्रमाणे किमान 10 दिवस पाणी हवं, कोरड्या उन्हाळ्यात 14. प्रत्यक्षात तीन दिवस गोणपाट आणि मग "वाळलं की". अशाने कव्हरचा भाग (सळईवरचं काँक्रीट) सच्छिद्र राहतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, सळई गंजते, पंधरा-वीस वर्षांत स्लॅबचे पापुद्रे पडतात. काँक्रीट आयुष्यभर कार्बन शोषतं असं इथे कोणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच सांगतो: सळईभोवतीचं ते शोषण म्हणजेच आजार. त्याचा फायदा मोजायचा तर पाडून चुरा केल्यानंतर मोजा. सेंटरिंगचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ओपीसीला सात दिवस ठेवायचे असतात, पीपीसीला त्याहून जास्त. भाडं वाचवायला पाचव्या दिवशी काढले की स्लॅब खाली बसतो, आणि पुढचा इंजिनिअर सहा इंची जाडी देतो.

म्हणून माझं मत मिरजकरांच्या उलट आहे. छोट्या साइटवर ओपीसी, नीट माप आणि सात दिवस पाणी हे बेजबाबदार पीपीसीपेक्षा बरं.

मिरजकर_स्थापत्य

पाणी मारायला माणूस ठेवायचा नाही आणि त्यासाठी टनाला पाव टन कार्बन जास्त मोजायचा, हे मला पटत नाही. जो तीन दिवसांत पाणी थांबवतो तो ओपीसीलाही तीनच दिवस मारतो. कंत्राटात 'एम-20' एवढंच लिहिण्याऐवजी घनमीटरला सिमेंट किती ते लिहा (आरसीसीला आयएस 456 ची खालची मर्यादा 300 किलो), पाणी-सिमेंट प्रमाण लिहा आणि 28 दिवसांच्या क्यूबच्या (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याच्या) निकालावर बिल काढा. जादा पोतं मिस्त्रीच्या खिशातून जायला लागलं की आपोआप थांबतं.

कृष्णाकाठ

जुन्या वाड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. वाई-साताऱ्याकडे पाडकामात निघणारा घडीव दगड आधीच फोडलेला, घडवलेला असतो. पण दीड फुटी दगडी भिंतीच्या चौरस मीटरला 0.15 घनमीटर मसाला जातो, 1:6 ने 37 किलो सिमेंट, म्हणजे 23 किलो कार्बन. सांधे जाड ठेवले तर 'शून्य कार्बन दगड' ब्लॉकच्या भिंतीला गाठतो. बाकीचा राडारोडा ओढ्यात जातो, खरं तर आयएस 383 काँक्रीटचा चुरा एम-25 पर्यंतच्या आरसीसीत खडीच्या 20 टक्क्यांपर्यंत चालवते.

माणदेशी, माळवदावर मात्र आपलं जमणार नाही. दोन फूट मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला टनभर बोजा. खाली बँड (भिंती बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टा) नाही, भिंतीत आरपार दगड नाहीत.

माणदेशी

आरपार दगड घालता येतात: उभ्यात दर 60 सेंमीला, आडव्यात दर 1.2 मीटरला एक, आणि लिंटेलला सलग बँड. तेवढ्या बँडचं सिमेंट मी मान्य करतो, ते तुमच्या स्लॅबच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि दोन फूट थर मुळात नसतोच. दरवर्षी पावसाआधी गळती दिसली की जुन्यावर नवी पांढरी माती टाकत जातात, म्हणून तो वाढतो. आधी वरची भेगाळलेली माती खरवडून खाली उतरवायची, तीच भिजवून मळून परत वापरायची, नवी फक्त कमी पडेल तेवढी. वीतभर जाडीची खूण भिंतीच्या कठड्यावर कोरून ठेवली की पुढच्या वर्षी कामाला येणाऱ्यालाही कळतं कुठे थांबायचं.