१६ नाण्यांच्या स्तंभालेखावर हाताने काढलेला प्रसामान्य वक्र: मोजणी का चुकते?

प्रश्न (आलेखवही): १६ नाणी एकदम उडवली तर किती छापे पडतील, याच्या संभाव्यता आलेखकागदावर काढल्या आहेत. मध्य ८, प्रमाण विचलन (मध्याभोवतीच्या फैलावाचं माप) २. आडवं १ सेंमी = १ छापा, उभं १ सेंमी = ०.०२. त्यावर प्रसामान्य (घंटेच्या आकाराचा) वक्र काढला. ७ ते ९ छाप्यांसाठी वक्राखालचे चौकोन मोजले तर ०.३८ येतं, सूत्राने मात्र ०.५४५. शिवाय वक्र तंबूसारखा टोकदार दिसतो. नेमकं काय चुकतंय?

पट्टी_पेन्सिल: चूक वक्रात नाही, मोजणीच्या कडांमध्ये आहे. ७ चा स्तंभ ६.५ पासून ७.५ पर्यंत पसरतो. तुम्ही ७ ते ९ मोजलंत, म्हणजे दोन्ही टोकांचे अर्धे स्तंभ कापले गेले. ६.५ ते ९.५ मोजा, ०.५४७ च्या आसपास येईल. हीच सांतत्य दुरुस्ती: सुट्या स्तंभांऐवजी सलग वक्र मोजताना दोन्ही कडा अर्ध्याने बाहेर सरकवायच्या.

तुमच्या प्रमाणात १ चौरस सेंमी म्हणजे बरोबर ०.०२. स्तंभांवरच पडताळा घ्या: ७, ८, ९ च्या उंच्या ८.७, ९.८, ८.७ सेंमी. बेरीज २७.२, गुणिले ०.०२ = ०.५४४. स्तंभ आकड्यावर मध्यभागी न ठेवता ८ ते ९ असा काढला, तर सगळा आलेख वक्राच्या अर्धा सेंमी उजवीकडे सरकतो. हेही तपासून घ्या.

वक्ररेषा: टोकदारपणा बिंदू कमी घेतल्यामुळे येतो. तुमच्याच कागदावर हे बिंदू मांडा: ८ वर १० सेंमी, ७ आणि ९ वर ८.८, ६ आणि १० वर ६.१, ५ आणि ११ वर ३.२, ४ आणि १२ वर १.४, ३ आणि १३ वर ०.४, २ आणि १४ वर जेमतेम १ मिमी.

आता खरी किल्ली. १० वरचा ६.१ सेंमीचा बिंदू पट्टीने आडव्या अक्षावरच्या १२ ला जोडा, फिक्या पेन्सिलने. ही तिथली स्पर्शिका, म्हणजे वक्राला त्या बिंदूवर टेकून त्याच्याच दिशेने जाणारी सरळ रेषा. डावीकडे तशीच ६ वरून ४ कडे. वक्र इथेच आपली वळण्याची दिशा बदलतो: आत घुमटासारखा, बाहेर पसरट. माथ्यावर पेन्सिल क्षणभर आडवी गेली पाहिजे, तिथे कोपरा नको.

आलेखवही: ६.५ ते ९.५ मोजल्यावर जुळलं. छाप्याची संभाव्यता १/४ असलेल्या नाण्याला हीच पद्धत चालेल?

पट्टी_पेन्सिल: १६ फेकींत मध्य ४, विचलन १.७३. सममित वक्र ० आणि ८ या दोन्हींवर ०.८ सेंमी देतो. खरे स्तंभ मात्र ० वर ०.५ आणि ८ वर जवळपास १ सेंमी. तिथे वक्र सोडा, स्तंभच काढा.