मार्फान सिंड्रोम: भाच्याची महाधमनी रुंदावली आहे, भाचीच्या तपासणीबद्दल मदत हवी

माझा भाचा १७ वर्षांचा, सहा फुटांवर उंच, अंगाने काटकुळा. चष्म्याचा नंबर सारखा वाढतो म्हणून दाखवलं, तर दोन्ही डोळ्यांतली भिंगं जागेवरून सरकलेली निघाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनीच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, मूळ ४.२ सेंमी रुंद. निदान मार्फान, म्हणजे शरीरातल्या जोडऊती कमकुवत करणारा आनुवंशिक आजार.

तेव्हापासून दादाचं, म्हणजे भाच्याच्या वडिलांचं, जाणं डोक्यातून हलत नाही. चाळिशीतच गेला तो. पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध फाटल्यासारखी कळ आली. ईसीजी बरा होता, म्हणून गॅसचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्रीच संपलं सगळं. दाखल्यावर हृदयविकार लिहिलंय. दादाही असाच उंच, लांब बोटांचा.

भाच्याला बीटा ब्लॉकर, म्हणजे महाधमनीवरचा ताण कमी करणारं औषध, सुरू झालंय. कबड्डी आणि जिममधली वजनं बंद. फार हिरमुसलाय, पण ऐकतोय. पेच आहे तो भाचीचा. ती १३ वर्षांची, उंची बेताची, डोळे चांगले. वहिनी म्हणते, "तिला काही होत नाहीये, मुलीच्या जातीला उगाच शिक्का कशाला?" तिचं दुःख मला कळतं, म्हणून जोर करवत नाही. पण थांबायचीही भीती वाटते. नुसत्या दिसण्यावरून खात्री धरता येते का? जनुक चाचणी आधी कोणाची करायची? कोणाच्या घरात हे असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या नवऱ्याला मार्फान आहे, महाधमनीचं ऑपरेशनही झालंय. दिसण्यावर अजिबात जाऊ नका. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, निम्मी शक्यता असते, आणि एकाच घरात कोणात ठळक दिसतं, कोणात लपून राहतं. आधी भाचीचा इको करा, त्यात सुईसुद्धा टोचत नाहीत. जनुक चाचणी भाच्याची आधी. ज्यातल्या दोषामुळे मार्फान होतो त्या एफबीएन १ जनुकात त्याचा नेमका दोष सापडला, की भाचीच्या रक्तात तेवढाच शोधायचा. नाही निघाला तर ती कायमची मोकळी, हे वहिनींना जरूर सांगा. निघाला तर आत्ताच कळणं तिच्याच हिताचं, कारण रुंदावलेल्या महाधमनीला गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे दिवस फार धोक्याचे असतात.

आणि तुमचं काय? दादाला हेच असेल तर तुमचाही इको व्हायला हवा. भाचीबरोबरच करा, म्हणजे एकट्या तिलाच नेल्यासारखं वहिनींना वाटणार नाही.

ऑपरेशन साधारण ५ सेंमीला सुचवतात, पण घरात कोणाची महाधमनी फाटलेली असेल तर ४.५ च्या आसपासच. म्हणून दादाची ती पाठीतली कळ भाच्याच्या डॉक्टरांना सविस्तर सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन जातीची अँटिबायोटिक्स त्याला टाळायची असतात, फॅमिली डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा. त्याला कधी तशी कळ आली तर थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि दारातच सांगा, "मार्फान आहे, सीटी अँजिओ करा." ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका.