अपग्रेड केलं आणि मशीन उठलंच नाही: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, धाग्याचं निमित्त घरचंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार हे वर्षभर माहीत होतं. मी जागा झालो ११ तारखेला, शनिवारी दुपारी, स्वयंपाकघरात चकल्या तळणं चालू असताना.

आमचा डेस्कटॉप २०१८चा. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल, म्हणजे विंडोज ११च्या यादीत बसणारा. तपासणीच्या ॲपने दोन गोष्टींवर बोट ठेवलं: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) दिसत नाही आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरलो. पीटीटी नावाचा पर्याय चालू केला (इंटेलचा टीपीएम या नावाखाली दडून बसलेला असतो), सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारी सोय) बंद केलं, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह करून बाहेर आलो. काळा पडदा आणि एकच ओळ: बूट करण्याजोगं डिव्हाइस नाही. अजून अपग्रेडला हातही लावला नव्हता!

दोन तास केबल काढ-घाल करण्यात गेले. डिस्क मेली असं धरून चाललो होतो, पण डिस्क ठणठणीत होती. ती जुन्या एमबीआर पद्धतीने पार्टिशन केलेली, आणि सीएसएम बंद झाल्यावर यूईएफआयला (बायोसचा नवा अवतार) बूट करायला जी ईएफआय पार्टिशन लागते ती तिच्यावर नव्हतीच. सीएसएम परत चालू केलं तर विंडोज १० निमूटपणे उघडलं. मग एमबीआरटूजीपीटी (डिस्क एमबीआरवरून नव्या जीपीटी पद्धतीवर नेणारं विंडोजचं टूल) चालवलं, आधी नुसतं व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ते अडून बसतं, आमच्या नेमक्या तीन होत्या. पुन्हा बायोस. सोमवारी रात्री विंडोज ११ आलं. चकल्या तोवर अर्ध्या संपल्या होत्या.

तुम्ही लिहाल तेव्हा मशीन नेमकं कुठे अडकलं ते जरूर सांगा: लोगो यायच्या आधी, लोगोखाली ठिपके फिरताना, की पासवर्ड टाकल्यावर? नुसतं ‘चालू होत नाही’ म्हणजे डॉक्टरकडे जाऊन ‘बरं नाही’ म्हटल्यासारखं झालं.

गिरगावातून

लोगोच्या आधी. काळ्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बाकी शून्य. अपग्रेड आदल्या रात्री नीट झालं होतं, त्यामुळे दोष अपग्रेडचाच असं घरात सर्वानुमते ठरलं.

चाळीच्या लाकडी जिन्यावरून सीपीयू उतरवला, टॅक्सीत मांडीवर घेतला आणि लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्यावर, गेलो. दुकानदाराने वायर जोडली, बटण दाबलं, अर्ध्या मिनिटात डेस्कटॉप समोर! ‘काय झालंय याला?’ त्याने पैसे घेतले नाहीत, पण ज्या नजरेने बघितलं त्यापेक्षा दोनशे रुपये घेतले असते तर परवडलं असतं. घरी आणला, सगळं जोडलं, परत तीच रेघ. पुन्हा टॅक्सी, पुन्हा दुकान, पुन्हा चालू.

तिसऱ्या खेपेला त्यानेच विचारलं, ‘घरी मागे काय काय लावता?’ कीबोर्ड, माउस, प्रिंटर आणि आरत्यांचा पेनड्राइव्ह. गणपतीपासून तो मागच्या पोर्टमध्येच होता. आदल्या रात्री अपग्रेडच्या नादात मी बायोसमध्ये बूट ऑर्डर बदलून यूएसबी पहिला करून ठेवला होता, तेव्हा मशीन आधी आरत्यांपाशी जाऊन विंडोज शोधत बसायचं. दुकानात पेनड्राइव्ह नव्हता म्हणून चालायचं.

टॅक्सीचे किती झाले ते विचारू नका.

मुलुंडहून, सोसायटीची खजिनदार

पासवर्डपर्यंत पोचलेच नाही. निळा पडदा आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की मागणारी चौकट. अपग्रेडनंतर बायोसचंही अपडेट आलं होतं, ते मी भक्तिभावाने केलं. टीपीएमला वाटलं कुणी तरी मशीनशी छेडछाड केली. (आधी बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करायचं असतं, हे मला नंतर कळलं.) दुसऱ्या दिवशी सर्वसाधारण सभा आणि सगळे हिशेब त्याच लॅपटॉपवर.

की ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केलेला असतो त्यात जमा असते. आमचा सुरू केला होता मुलाने, आणि तो पुण्याला. रात्री साडेदहाला फोनवर की सांगायला लागला. मी म्हटलं, एकेक आकडा सांग, तर हा जोडीने सांगतो, ‘फिफ्टी नाइन’. मी विचारलं, एकोणसाठ ना? तो म्हणतो, आई, एकोणसाठ म्हणजे किती? इंग्रजी शाळेत घातल्याची फळं, दुसरं काय.

मी कालनिर्णयच्या मागे मराठी आकड्यांत सगळं लिहून घेतलं आणि मुलीला टाइप करायला बसवलं. तिसरा गट काही केल्या घेईना. पाच वेळा झालं. मग माझ्या लक्षात आलं, माझा मराठी एक ती इंग्रजी नऊ म्हणून वाचत होती! बघा लिहून, दोन्ही सारखेच दिसतात. बरं तर बरं, प्रत्येक गटाला ११ने पूर्ण भाग जावा लागतो, त्यामुळे चूक कुठल्या गटात आहे ते तिथल्या तिथे कळतं. नाहीतर ४८ आकडे पहिल्यापासून.

की आता छापून लॉकरमध्ये ठेवली आहे, इंग्रजी आकड्यांत. सभेत हिशेब मंजूर झाले, लिफ्टवरून भांडण झालं ते वेगळं.

कुर्ल्याहून, शिक्षिका

माझं ठिपके फिरताना. तारीख विसरणं शक्य नाही: १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, ज्या सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली. त्या वेळी आमचे तास ऑनलाइन. साडेनऊला विंडोजने मोठं अपडेट पुढे केलं, मी म्हटलं पुढचा तास साडेदहाला, होऊन जाईल. ‘संगणक बंद करू नका’ असा संदेश पडद्यावर असतानाच पंखा थांबला. यूपीएस होता हो, पण त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली. नुसता टेबलाखाली शोभेला.

वीज आल्यावर लोगो, ठिपके, रीस्टार्ट, परत लोगो. शेजारच्या मुलाने व्हरांड्यातूनच ओरडून सांगितलं (कोविडचे दिवस), ‘काकू, ठिपके दिसले की बटण दाबून धरा, असं तीनदा करा!’ मला तो चेष्टा करतोय असं वाटलं. पण खरंच, दोन-तीनदा बूट अर्धवट राहिलं की विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा उघडतं. स्टार्टअप रिपेअरने हात वर केले. फीचर अपडेट काढून टाकण्याचा पर्यायही पहिल्या खेपेला जमला नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा. इथे मी अर्धा तास घालवला, कारण ‘सी’वर चालवत होते आणि ते एका क्षणात संपत होतं. दुरुस्तीच्या पडद्यात ड्राइव्हची अक्षरं बदलू शकतात. माझं विंडोज तिथे ‘डी’वर बसलं होतं. ‘डी’वर चालवल्यावर पाऊण तास चाललं, आणि त्यानंतर तोच मघाचा पर्याय गुपचूप चालला.

मुलांना त्या दिवशी सुट्टी मिळाली. त्यांच्या दृष्टीने दिवस उत्तम गेला.

डोंबिवलीकर

लिनक्सवाल्यांनाही जागा द्या. उबुंटू २२.०४ वरून २४.०४, रात्री साडेअकराला सुरू केलं, सकाळी ६:२०ची लोकल पकडायची. रीस्टार्टनंतर कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नलच अडतो): रूट फाइल सिस्टीम माउंट होत नाही.

चूक शंभर टक्के माझी. /बूटला (कर्नल ठेवायची जागा) वेगळी ५१२ एमबीची पार्टिशन दिली होती आणि जुने कर्नल साफ करायचा आळस. नवा कर्नल आला, पण त्याची इनिटरामएफएस फाइल (सुरू होताना कर्नलला लागते ती) लिहायला जागाच उरली नाही. टर्मिनलवर तशी ओळ येऊन गेली होती, मी चहा करत होतो.

ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून मागचा कर्नल निवडला, उठलं. दोन जुने कर्नल काढले, इनिटरामएफएस परत बनवली, अपडेट-ग्रब. एकूण वीस मिनिटं. मेन्यू दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट. ६:२० मिळाली, बसायला नाही.

बोरिवली

पासवर्डनंतर काळा पडदा, फक्त माउसचा बाण. कंट्रोल, विंडोज, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. माझं तेवढ्यावर भागलं. नाहीच भागलं तर सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर मागचा टाका.

लालबागहून, डीटीपीवाला

सगळ्यांचं उठलं, माझंही उठलं, पण रिकामं.

लग्नपत्रिका, मंडळांच्या पावत्या, अहवाल, दशक्रियेचे कार्ड, पंधरा वर्षांचं काम. विंडोज सातवरून दहावर गेलो, लोगोवर अडकलं. लग्नसराई चालू, दारात गिऱ्हाईक. घाईघाईत एकाला बोलावलं. त्याने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ मी म्हटलं मार. डेटा वेगळ्या ड्राइव्हवर आहे असं मी समजत होतो. ड्राइव्ह वेगळा दिसायचा, पार्टिशन मात्र त्याच डिस्कवरची, आणि त्याने सगळ्या पार्टिशन उडवून एक केली. त्याला दोष देत नाही, विचारलं असतं तर बरं झालं असतं इतकंच.

वरच्या शिक्षिकाबाईंचं वाचून जीव तळमळला. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फाइली आधी बाहेर काढता येतात, हे मला तिसऱ्या दिवशी पुतण्याने सांगितलं.

नशीब एवढंच की डिस्क जुनी फिरणारी होती. एसएसडी असती तर ट्रिमने (उडवलेल्या डेटाची जागा साफ करणारी सोय) पुसून टाकलं असतं म्हणतात. पुतण्याने ती काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि फोटोरेक (उडालेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम) सोडलं. रात्रभर चाललं. फाइली आल्या, पण मूळ नावं गेली, सगळ्यांना नुसते नंबर. कुठली पत्रिका कुणाची ते कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडल्याशिवाय कळत नाही. दुकान बंद केल्यावर रोज वीस-पंचवीस उघडतो, नाव देतो. काल एक मुंजीची निघाली, २०११ची. तो मुलगा परवाच स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेचा भाव विचारून गेला.