लडाख स्काउट्सला नियमित रेजिमेंट करून आपण काय मिळवले आणि काय गमावले?

दूरचा डोंगर (धागाकर्ता)

लडाख स्काउट्स ही आज भारतीय पायदळातील पाच बटालियनांची रेजिमेंट आहे. तिचे केंद्र लेहला आहे आणि २१ ऑगस्ट २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी त्या केंद्राला व पाचही बटालियनांना निशाण प्रदान केले. या गौरवाबद्दल माझे दुमत नाही. कारगिल युद्धानंतर या दलाला इतर पायदळाच्या साच्यात बसवण्याचा जो निर्णय झाला, त्यात मात्र सन्मान आणि रचना या दोन गोष्टींची गल्लत झाली, असे माझे मत आहे.

या दलाचे मूळ १९४८ मध्ये आहे. पाकिस्तानी हल्लेखोरांचा बाल्टिस्तानातील स्कर्दूला वेढा पडलेला असताना आणि लेहवर चाल होत असताना नुब्रा खोऱ्यातील तरुणांची एक फौज उभी राहिली, ती नुब्रा गार्ड्स. सुमूर गावचे चेवांग रिंचेन त्यात होते आणि सतराव्या वर्षी त्यांना महावीरचक्र मिळाले. हे नुब्रा गार्ड्स पुढे जम्मू-काश्मीर मिलिशिया या स्थानिक निमलष्करी दलाच्या ७ व्या बटालियनमध्ये सामावले गेले. १९६२ च्या युद्धात मिलिशियाच्या तुकड्या लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीच्या परिसरातील विखुरलेल्या छोट्या चौक्यांवर होत्या. त्या अनुभवानंतर ७ व १४ या दोन बटालियनांमधून १ जून १९६३ रोजी लडाख स्काउट्स वेगळे काढण्यात आले.

या वेगळेपणात लष्करी शहाणपण होते. स्काउट्सची रचना 'कराकोरम विंग', 'इंडस विंग' अशा विभागांची होती, आणि त्यांच्या कंपन्या ज्या खोऱ्यात काम असेल तिथे, प्रसंगी दुसऱ्या ब्रिगेडच्या हाताखाली, सुट्या वापरता येत. खिंडीत शत्रूच्या आधी पोहोचणे, दोन गस्तींच्या मधली मोकळी जागा नजरेखाली ठेवणे आणि मोठी पलटण येईपर्यंत कडा धरून ठेवणे, हे त्यांचे काम होते. नियमित बटालियन म्हटली की तिच्या ठराविक कंपन्या, ठराविक शस्त्रे, ठराविक बदल्या आणि देशात कुठेही जाण्याची बांधिलकी आली. दर्जा द्यायचा होता तर तो जुन्या रचनेलाही देता आला असता.

नकाशावाला

धागाकर्त्यांनी इतिहास नीट मांडला आहे, परंतु निष्कर्ष त्यातून निघत नाही. नुब्रा गार्ड्स स्वयंभू नव्हते. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, भर हिवाळ्यात, मेजर पृथी चंद यांनी सुमारे चाळीस जणांना घेऊन काश्मीरहून लडाखला येणारी जोजीला खिंड ओलांडली आणि लेहला पोहोचून स्थानिक तरुणांना बंदूक चालवायला शिकवले. ते २ डोग्राचे, म्हणजे नियमित पायदळाचे अधिकारी होते. लेह वाचले ते स्थानिक हिंमत आणि नियमित सैन्याची शिस्त एकत्र आल्यामुळे. २४ मे १९४८ ला हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डकोटा विमान लेहच्या कच्च्या धावपट्टीवर उतरवले नसते, तर पुढची कुमक कुठून आली असती? आणि नोव्हेंबरमध्ये जोजीला मोकळी झाली ती ७ व्या कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांमुळे, डोंगरी पायांमुळे नव्हे.

मिलिशिया आणि स्काउट्स या नावांना एक दुय्यमपणा चिकटलेला होता, हेही विसरू नये. ज्यांना आपण 'हिमयोद्धे' म्हणून गौरवतो त्यांनी जुन्या, सुट्या, दुसऱ्याच्या हाताखालच्या रचनेत राहावे, ही अपेक्षा मला थोडी सोयीची वाटते. स्वतःचे केंद्र, स्वतःची भरती, स्वतःचे प्रशिक्षण आणि स्वतःचे निशाण या गोष्टी सजावटीच्या नसतात; त्यांच्याशिवाय पलटणीची परंपरा पुढच्या पिढीकडे जात नाही.

साधी शंका

पृथी चंद स्वतः हिमाचलमधल्या डोंगराळ लाहौलचे होते आणि त्यांच्यासोबतचे लोकही लाहौली होते. म्हणजे उदाहरण नियमित पायदळाचे असले तरी ते डोंगरी माणसांचेच आहे. एवढेच.

खिंडीपलीकडे

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, आणि त्यासाठी १९९९ चा एक प्रसंग थोडा जवळून पाहावा असे सुचवतो. ३० मे १९९९ रोजी मेजर सोनम वांगचुक इंडस विंगची एक तुकडी घेऊन बटालिक भागात चोरबाट ला या खिंडीच्या बाजूला निघाले होते. नियंत्रण रेषेवरची सुमारे ५,५०० मीटर उंचीची, हिमनद्यांनी वेढलेली धार शत्रूच्या आधी ताब्यात घेणे हे काम होते. वाटेत दबा धरून बसलेल्या शत्रूने वरून गोळीबार केला आणि स्काउट्सचा एक जवान तिथेच पडला. वांगचुक यांनी तुकडी विस्कटू दिली नाही. त्यांनी बाजूने वळसा घेऊन उलट हल्ला केला, शत्रूचे दोन सैनिक मारले आणि एका जड मशीनगनसह दारूगोळा हाती घेतला. पुढे हा सगळा भाग तोफखान्याच्या पाठबळाशिवाय मोकळा करण्यात आला. त्या युद्धातल्या आपल्या अगदी सुरुवातीच्या यशांपैकी हे एक होते. द्रासजवळचे तोलोलिंग शिखर त्यानंतर जवळपास दोन आठवड्यांनी आपल्या हातात आले.

इथे निर्णायक ठरली ती वेळ. त्या धारेवर शत्रू स्थिरावला असता, तर तीच जागा घेण्यासाठी तोफखाना, अधिक बटालियन आणि अधिक जीव लागले असते. मैदानातून आलेल्या जवानाला उंचीची सवय होण्यासाठी सैन्यात तीन टप्पे आहेत: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० फुटांपर्यंत आणखी चार आणि त्यावर आणखी चार, म्हणजे एकूण चौदा दिवस. शर्यत दोन दिवसांची असेल तर हे चौदा दिवस आणायचे कुठून?

तिसरा पहारा

वैद्यकीय मुद्दा इतका सरळ नाही. तिबेटी लोकसंख्येत ईपीएएस१ या जनुकाचा एक प्रकार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि त्यामुळे विरळ हवेतही त्यांचे रक्त अनावश्यक घट्ट होत नाही, हे संशोधनातून पुढे आले आहे. परंतु उंचीवर जन्मलेला माणूसही काही काळ मैदानात राहून परतला तर त्याच्या फुप्फुसांत पाणी होऊ शकते. परतीच्या वेळचा हा धोका डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. म्हणून लडाखी जवान रजेवरून किंवा खालच्या प्रशिक्षणावरून आला की त्यालाही पुन्हा सवय करून घ्यावी लागते. 'जन्मजात पहाडी' हे कौतुकाचे शब्द आहेत. त्यांच्यावर युद्धयोजना आखली की इंग्रजांच्या 'लढवय्या जाती'च्या सिद्धांताकडे आपण मागच्या दाराने परत जातो.

आणि मैदानातल्या माणसांचे काय? १८ नोव्हेंबर १९६२ ला रेझांग लावर मेजर शैतान सिंग यांची चार्ली कंपनी लढली. १३ कुमाऊंच्या त्या कंपनीतले जवान मुख्यतः हरियाणाच्या परिसरातले अहीर होते. सोळा हजार फुटांच्या वर, मध्ये आडव्या आलेल्या डोंगरामुळे आपल्या तोफांची मदतही मिळत नसताना, सुमारे १२० पैकी ११० हून अधिक जण जागा न सोडता मेले. डोंगरावर लढायला डोंगरातच जन्म घ्यावा लागतो, हे विधान रेझांग लासमोर टिकत नाही.

दूरचा डोंगर (धागाकर्ता)

रेझांग लाचे उदाहरण येणार हे अपेक्षित होते, आणि त्यापुढे मान झुकवूनच बोलायला हवे. पण ते माझ्या विरोधात जात नाही. अहीर जवानांनी दिलेली जागा धरून ठेवली. मी बोलतो आहे ते जागा देण्यापूर्वी तिथे पोहोचण्याबद्दल. खंदकात टिकण्यासाठी धैर्य आणि शिस्त लागते, ती कुठल्याही प्रांतातली असू शकते. हिवाळ्यात कुठल्या नाल्यात बर्फ भार पेलते, कुठल्या उतारावर दुपारनंतर पाऊल टाकायचे नाही आणि याक शोधत फिरणारा गुराखी कुठवर जातो, हे ज्ञान वेगळ्या प्रकारचे आहे. कारगिलमधल्या घुसखोरीची पहिली खबर मे १९९९ च्या सुरुवातीला गारकोन गावच्या ताशी नामग्याल या मेंढपाळाने दिली, तीही हरवलेला याक शोधताना.

जनुकांचा मुद्दा मी मांडलेलाच नव्हता. माझा भर ओळखीवर आहे, रक्तावर नाही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये मेजर रिंचेन यांनी श्योक खोऱ्यात चालुंका आणि तुरतुक ही गावे पाकिस्तानकडून घेतली, तेव्हा ते स्वतःच्या गावापासून खोरे उतरतच पुढे गेले होते. त्या मोहिमेसाठी त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळाले. ही ओळख बदलीच्या आदेशासोबत हस्तांतरित होत नाही.

नकाशावाला

तुरतुकचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले. तुरतुकचे लोक बाल्टी, म्हणजे रिंचेन यांच्या समाजापेक्षा वेगळे. रिंचेन यांच्या तुकडीने जिंकलेल्या गावांत दुसऱ्या दिवसापासून राज्य चालवायचे होते, चौक्या वसवायच्या होत्या, रसद पोहोचवायची होती. हे काम सुट्या कंपन्यांचे नव्हे, स्थायी फौजेचे आहे. सियाचेनचेही तेच. १३ एप्रिल १९८४ रोजी बिलाफोंड लावर हेलिकॉप्टरने उतरलेली पहिली तुकडी ४ कुमाऊंची होती, तिचे नेतृत्व कॅप्टन संजय कुलकर्णी करत होते, आणि लडाख स्काउट्सच्या तुकड्याही त्याच मोहिमेत होत्या. म्हणजे हिमनदी आधी गाठण्याची शर्यतसुद्धा दोघांनी मिळून जिंकली. त्यानंतर हिमनदीवर टिकून राहण्याचे ओझे देशभरातल्या पलटणींनी आळीपाळीने वाहिले आहे.

खिंडीपलीकडे

शर्यत हेलिकॉप्टरने जिंकली गेली, हे आपणच सांगितलेत. चोरबाट लाला हेलिकॉप्टर नव्हते.

तिसरा पहारा

एका बाजूकडे मात्र कुणी वळलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार लेह आणि कारगिल या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे २ लाख ७४ हजार होती. एवढ्या लहान समाजातून पाच बटालियन उभ्या आहेत, आणि एका बटालियनमध्ये ढोबळमानाने आठशे माणसे धरली तरी हा भार किती दाट आहे हे लक्षात येते. आता कल्पना करा की पुढच्या युद्धात या बटालियन आपापल्या खोऱ्यातच, पहिल्या फळीत, सुट्या तुकड्यांनी वापरल्या गेल्या. एखादी रात्र वाईट गेली तर एका गावातली पाच-सात घरे एकाच वेळी उजाड होतील. अनेक रेजिमेंटांमध्ये प्रांतांची सरमिसळ असते, तिथे हे नुकसान पसरते. इथे ते पसरणार नाही. धागाकर्त्यांना हवी असलेली जुनी रचना लष्करीदृष्ट्या चपळ असेल, पण तिची किंमत एका समाजाने एकट्याने मोजायची आहे. नियमित बटालियन असल्यामुळे निदान त्यांना इतरत्र हलवून विश्रांती देण्याचा मार्ग खुला राहतो.

दूरचा डोंगर (धागाकर्ता)

हा आक्षेप मला या चर्चेतला सर्वांत वजनदार वाटतो. त्याला माझे उत्तर असे की नियमित रचना कायम ठेवूनही प्रत्येक बटालियनमधल्या एक-दोन कंपन्या स्काउटच्या जुन्या कामाला बांधून ठेवता येतील: त्याच खोऱ्यात, वर्षानुवर्षे, मोठ्या शस्त्रांच्या ओझ्याशिवाय. उरलेली बटालियन विश्रांती, प्रशिक्षण आणि इतर जबाबदाऱ्या यांच्या चक्रात फिरू शकेल. २०१० मध्ये अरुणाचल स्काउट्स आणि २०१३ मध्ये सिक्कीम स्काउट्स उभे राहिले, म्हणजे 'स्काउट' ही कल्पना सैन्याने सोडलेली नाही. लडाखमध्ये ती नावापुरती उरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

नकाशावाला

बांधून ठेवलेल्या त्या कंपनीतल्या हुशार हवालदाराची बढती कशी होणार, आणि दहा वर्षे एकाच नाल्यात काढलेल्या अधिकाऱ्याला पुढे बटालियनचे नेतृत्व कोण देणार, हे आपण सांगितलेले नाही. सोनम वांगचुक स्वतः आसाम रेजिमेंटमधून सैन्यात आले आणि तिथला अनुभव घेऊन मग लडाखमध्ये परतले, याचाही विचार व्हावा.

साधी शंका

आणि त्या परतीमुळेच ते चोरबाट लाला होते. दोन्ही बाजू एकच नाव पुढे करत आहेत, तेव्हा बदल्यांचा नियम काय असावा यावर बोलू या. माझ्या मते लडाखी अधिकाऱ्याने बाहेर जावे, जवानांच्या कंपनीने मात्र खोरे सोडू नये.