कोपनहेगनचे लाकडी राक्षस: सहाही एका दिवसात होतील का?

ऐलतीर:
डॅनिश कलाकार थॉमस डॅम्बोने २०१६ मध्ये कोपनहेगनच्या पश्चिमेला टाकाऊ लाकडातून केलेले ‘सहा विसरलेले राक्षस’ बघायचे आहेत. ऑक्टोबरअखेरीस जाणार, सोबत दोन लहान मुलं आणि गुडघेदुखीवाले एक आजोबा. गाडी भाड्याने घ्यावी का? मुलांना वर चढू दिलं तर चालतं का?

रानवाटा:
सहाही एका दिवसात होतील, पण सायकलवर आणि उन्हाळ्यात. तुमच्या मंडळींसोबत नाही. हे एकाच जंगलात नाहीत, सहा वेगवेगळ्या नगरपालिकांच्या हद्दीत आहेत. नकाशावर ठिपके जवळ दिसतात आणि तिथेच फसगत होते.

सोपी विभागणी लोकल रेल्वेच्या, म्हणजे एस-ट्रेनच्या, मार्गांनुसार करा. ‘ए’ मार्गावर ट्रिने (अवेदोरे), टिल्डे (वालेन्सबेक) आणि ऑस्कर (इशोय). ‘बी’ मार्गावर लुईस (रोदोव्रे), थॉमस (अल्बर्ट्सलुंड) आणि टेडी (होये तास्त्रुप). एका दिवशी एकच मार्ग धरा, तीनपैकी दोन झाले तरी दिवस वसूल. थॉमस नावाचा राक्षस टेकडीच्या माथ्यावर बसलाय आणि ती टेकडी स्थानकापासून बरीच उत्तरेला आहे, त्यामुळे आजोबांसाठी तो गाळा. ‘ए’ मार्ग आधी करा.

‘सिटी पास स्मॉल’ हा प्रवासाचा पास फक्त १ ते ४ या भाड्याच्या झोनपुरता असतो. इशोय, तास्त्रुपसाठी ‘लार्ज’ लागतो. तिकीट तपासनीस पर्यटक म्हणून सोडत नाहीत. एस-ट्रेनमध्ये सायकल फुकट नेता येते, फक्त नॉरेपोर्ट स्थानकावर गर्दीच्या वेळी सायकल चढवू-उतरवू देत नाहीत.

आणि उजेड! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, मग पावणेपाचच्या आधीच सूर्य मावळतो. सकाळी लवकर निघा.

सुतारपक्षी:
चढण्याबद्दल. राक्षसांच्या अंगाला जुनी पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी चौकटी), कुंपणं, शेडच्या फळ्या आहेत. त्या एकमेकींवर चढवून स्क्रूने आवळलेल्या असतात. भार पेलतो तो आतला सांगाडा. बोटं, केस, भुवया ही नुसती सजावट, बारीक पट्ट्या एक-दोन स्क्रूवर लटकलेल्या असतात. मूल बोटाला लोंबकळलं की स्क्रू फळीतून ओढला जातो, भोक सैल होतं, त्यात पाणी मुरतं आणि पुढच्या हिवाळ्यात ती जागा कुजते. म्हणून मांडीवर, पावलावर बसा, बोटांना हात लावू नका.

कुजण्याची सुरुवात हमखास दोन ठिकाणी होते: जिथे लाकूड मातीला टेकतं तिथे, आणि फळीच्या कापलेल्या टोकाशी, कारण रेषा उघड्या असल्याने पाणी तिथूनच शोषलं जातं. टाचेजवळची फळी अंगठ्याने दाबून बघा. दबली तर त्या बाजूने चढायचं नाही. करडा रंग मात्र खराबीची खूण नव्हे, ते उन्हाचं काम. पाऊस पडून गेल्यावर हिरवट शेवाळावर चांगल्या बुटांचाही पाय सरकतो. जाड हातमोजे आणि कूस काढायला चिमटा जवळ ठेवा.

गाडगीळ_वाडी:
गाडी नकोच. अशा ठिकाणी खरा वाद पार्किंगवरून होतो. डॅम्बोचाच ‘आयझॅक हार्टस्टोन’ २०१८ मध्ये कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिज गावात उभा राहिला. बघ्यांची इतकी झुंबड उडाली की शेजारच्यांच्या तक्रारींवरून नोव्हेंबरात तो उतरवावा लागला. २०१९ मध्ये दुसऱ्या जागी नव्याने बांधला.

निघण्याआधी डॅम्बोच्या संकेतस्थळावरचा राक्षसांचा नकाशा बघा. लाकडी काम आहे, कधी एखादा दुरुस्तीला असतो. तो नकाशा फोनवर उतरवून ठेवा. मूर्तीजवळ दगडावर कोरलेली कविता असते, तीत पत्त्याच्या खुणा आहेत. मुलांना तीच आधी शोधायला लावा, म्हणजे ‘अजून किती लांब’ बंद होतं. गवतातून जाणार असाल तर विजार मोज्यात खोचा. गोचिडी ऑक्टोबरातही असतात. संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यामागे आणि काखेत तपासा.

ऐलतीर:
आभार. मग ‘ए’ मार्गच. लुईस झोपलेला आहे ना, त्याच्या तोंडात शिरता येतं म्हणे?

रानवाटा:
येतं, पण तो ‘बी’ मार्गावर, रोदोव्रेला. वेगळी सकाळ ठेवा. आत अंधार असतो, ओली पानंही साचतात. आधी मोठ्यांनी टॉर्च मारून काचा नाहीत ना ते बघावं, मग मुलांना सोडावं. ‘ए’ मार्गावर टिल्डे चुकवू नका. तिच्या अंगातच पक्ष्यांसाठी पेट्या बसवल्या आहेत, तेव्हा दुर्बीण घ्या आणि पेट्यांत बोटं घालू नका.