हवा ऊन आत येऊ देते, पण उष्णता का अडवते?

प्रश्न: सूर्यप्रकाश हवेतून जमिनीपर्यंत सहज पोहोचतो, पण जमिनीची उष्णता परत जाताना त्याच हवेत अडते, असे मी वर्गात शिकवते. त्यावर एका मुलीने विचारले, "दोन्ही किरणच ना बाई, मग हवा त्यांत भेद कसा करते?" तिला नेमके काय सांगावे?

प्रतिसाद १: भेद तरंगलांबीचा आहे. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला असल्याने त्याचे प्रारण (किरणांच्या रूपात बाहेर पडणारी ऊर्जा) ०.५ मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास सर्वाधिक असते, तर सरासरी १५ अंशांची पृथ्वी १० मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात, ऊर्जा बाहेर टाकते. हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू या दोन्ही प्रकारच्या किरणांना जवळजवळ पारदर्शक आहेत. मात्र बाष्प व कार्बन डायऑक्साइडचे रेणू अवरक्त किरण शोषतात आणि त्यांतील ऊर्जेचा काही भाग पुन्हा जमिनीकडे पाठवतात. मुलीचा प्रश्न फार चांगला आहे, तिला शाबासकी द्यावी.

प्रतिसाद २: 'अडते' हा शब्द मात्र जपून वापरावा, कारण पृथ्वीने उन्हातून शोषलेल्या ऊर्जेइतकीच ऊर्जा, म्हणजे दर चौरस मीटरला सरासरी सुमारे २४० वॅट, शेवटी अवकाशात जातेच, फक्त त्यासाठी जमिनीला अधिक तापावे लागते. ऊन दिवसाच येते, उष्णता रात्रीही जात राहते. म्हणूनच निफाडकडे थंडीतल्या निरभ्र, कोरड्या रात्री पारा झपाट्याने उतरतो आणि आभाळ आले की तो तितका उतरत नाही, हे द्राक्षबागायतदार चांगले जाणतात.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. निफाडचे उदाहरण उद्याच वर्गात सांगते.