कंपाउंडच्या भिंतीवर परस्पर जाहिरात रंगवली: तक्रार कुठे, पुसायचं कोणी, कसं?

गिरणाकाठ: राम राम मंडळी. जळगाव मनपा हद्दीत कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. कंपाउंड ४० फूट लांब, ५ फूट उंच. त्यातलं २० फूट सिमेंट प्लास्टर, वर बाहेरचा इमल्शन. उरलेला काळा दगड, उघडाच. प्लास्टरवर रातोरात कोणीतरी एका क्लासची जाहिरात लाल ऑइल पेंटने रंगवून गेलं, खाली मोबाइल नंबरही आहे. दगडावर पोरांनी स्प्रेने नावं आणि बदाम काढलेत. विचारलं कोणीच नाही. हा गुन्हा होतो का? पुसायची जबाबदारी माझी की मनपाची? आणि डाग न राहता निघेल कसं? एनसी थिनर आणून ठेवलंय.

बारभाई_कलम: गुन्हा होतो. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा, १९९५, कलम ३. तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंत सरकारीच असली पाहिजे असं नाही, रस्त्यावरून दिसणारी खासगी भिंतही त्यात येते.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. रंगवणारा पेंटर सापडला नाही तरी चालतं. ज्याच्या फायद्यासाठी रंगवलं तोही दोषी धरला जातो. आपल्याला माहीत नव्हतं, आपली संमती नव्हती, हे त्यानेच सिद्ध करायचं. इथे तर गडी स्वतःचा नंबर ठेवून गेलाय. म्हणून आधी पुसू नका. पूर्ण भिंतीचा एक फोटो, नंबर वाचता येईल असा एक जवळून, आणि शेजारचं घर किंवा खांब दिसेल असा एक. तारीख-वेळ फोटोत राहू द्या.

पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जात १९९५ च्या कायद्याचं नाव पहिल्या ओळीत लिहा. नुसतं 'नुकसान केलं' असं लिहिलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४(२) खाली एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून तुम्हाला घरी पाठवतील, कारण एवढं किरकोळ नुकसान अदखलपात्र आहे. १९९५ च्या कायद्यातला गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट तपास करू शकतात. फरक एवढाच, पण सगळं त्यावर अडतं.

आता जबाबदारी. पोरांच्या बदामासाठी घरमालकाला दोषी धरणारं १९९५ च्या कायद्यात काही नाही. पण व्यवसायाची जाहिरात ही वेगळी भानगड. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४५ खाली विनापरवाना जाहिरात काढून टाकायची नोटीस आयुक्त भिंतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्यालाही देऊ शकतात. वर्षभर गप्प बसलात तर 'मालकानेच भिंत भाड्याने दिली असेल' असा अर्थ निघतो. त्यामुळे प्रभाग कार्यालयात एक अर्ज द्याच: संमती दिलेली नाही, अमुक तारखेला लक्षात आलं, फोटो जोडले आहेत. पोच घ्या, आवक क्रमांकासह. पोच मिळाली की मग खुशाल पुसा. मनपा येऊन पुसेल म्हणून थांबलात तर पुढचा पोळा येईल.

पांझरा_रंगकाम: कायद्याचं वर आलं, मी भिंतीचं सांगतो.

थिनर बाजूला ठेवा भो. दगडावर तर नकोच. थिनरने स्प्रेचा रंग विरघळतो खरा, पण विरघळून जातो कुठे? दगडाच्या बारीक भोकांत आणि दरजांत. हातभर बदामाचा दोन हात गुलाबी डाग होतो आणि तो मग कशानेच निघत नाही.

दगडाला जेलसारखा पेंट रिमूव्हर लावा. ब्रशने दोन-तीन मिलिमीटरचा जाड थर द्यायचा, घासायचा नाही, १५ मिनिटं तसाच ठेवायचा. रंग सुरकुतून वर आला की नायलॉनच्या ब्रशने काढून भरपूर पाणी. जुना रंग असेल तर दुसरा हात लागतो. आपल्याकडे लोक चुकतात ते उन्हाळ्यात. ४३-४४ अंशांत तापलेल्या दगडावर जेल पाच मिनिटांत सुकतो, रंगासकट घट्ट बसतो. सकाळी सातच्या आत उरका, नाहीतर थरावर पॉलिथिन चिकटवा. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आणि आसपास बिडी-काडी नको.

तारेचा ब्रश वापरू नका, लोखंडाचे कण दगडात अडकतात आणि पहिल्या पावसात तांबूस ओघळ येतात. ॲसिडही नको. रंगाला त्याने काही होत नाही, दरजांमधलं सिमेंट तेवढं खाऊन टाकतं. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप चालेल, पण पसरट नोझल लावून आणि फूटभर लांबून. जवळ नेला की दरजा उकरल्या जातात.

प्लास्टरवर उलटं: तिथे काढायचं नाही, झाकायचं. पण लाल ऑइल पेंटवर थेट इमल्शन मारला तर चकचकीत थरावर पाण्याचा रंग धरत नाही, पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. शिवाय लाल रंग खालून फुटून पांढऱ्याचा गुलाबी करतो. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी पूर्ण मारा, अक्षरांच्या कडा पट्टीने खरवडा. कडा राहिल्या तर तिरक्या उन्हात जाहिरात नवीन रंगातूनही वाचता येते! ओल्या फडक्याने धूळ पुसून वाळू द्या. मग ऑइल बेसचा सिमेंट प्रायमर, रात्रभर वाळवून बघा. गुलाबी झाक दिसली तर प्रायमरचाच दुसरा हात. वरून इमल्शनचे दोन हात, मध्ये चार तास.

तुमचं प्लास्टर १०० चौरस फूट भरतं: प्रायमर एका हाताला लिटरभर, इमल्शन दोन हातांना दोन लिटर. ठिगळ मारू नका. उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी नवा जुळत नाही, खांब ते खांब अख्खा भाग रंगवा. पायथ्याला लोणा लागला असेल तर तेवढ्या पट्ट्यात ऑइल प्रायमर नको, फोड येतात. तिथे लोणा झाडून पाण्याचा प्रायमर.

गिरणाकाठ: बरं झालं, डबा उघडला नव्हता. दगडावर पुन्हा काढू नयेत म्हणून वरून क्लिअर कोट मारून ठेवू का?

पांझरा_रंगकाम: साधा पॉलियुरेथेन वार्निश नको, आतली ओल कोंडते आणि थर पांढरा पडून सुटतो. सिलेन-सिलोक्झेन प्रकारचं पाणीरोधक घ्या. वाफ बाहेर जाऊ देतं आणि रंग दगडात खोल जात नाही, म्हणजे पुढच्या वेळी जेल एकाच हातात काम करतो. दगड पूर्ण वाळल्यावरच मारा.

तापी_पूर्णा: दोन गोष्टी राहिल्या. लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता लागली की राजकीय लिखाणासाठी मुदती ठरलेल्या आहेत: सरकारी इमारतीवरून २४ तासांत, सार्वजनिक जागेवरून ४८, खासगी भिंतीवरून ७२ तासांत काढायचं. त्या काळात तक्रारीचा पाठपुरावा भराभर होतो, प्रचाराचं लिखाण असेल तर ती वेळ साधा.

आणि हे जेल-ब्रशचं ज्ञान पारोळ्याच्या किल्ल्यावर किंवा बळसाण्याच्या देवळांवर कोणी वापरू नका. केंद्राच्या संरक्षित स्मारकावर नाव कोरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हौसेने घासून दगड खराब केला तर तेच कलम साफ करणाऱ्यालाही लागू शकतं. तिथे फोटो काढून पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाला कळवायचं, बस.